चित्राखालची ओळ

मांजराचा रागीट चेहरा आणि खाली लिहिलेले असते : 'आज पुन्हा गणिताचा तास!' अशी चित्रे तुम्ही मोबाइलवर पाहिली असतील. त्यांना मीम म्हणतात.

ही गंमत जुनीच आहे. इंग्लंडमधील ब्रायटन शहरात हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार होता. १८७० च्या सुमारास तो मांजरांची छायाचित्रे काढू लागला. खाली मजेदार मजकूर लिहिला की लोकांना ती अधिक आवडतात, हे त्याने ओळखले. (उर्दूतील 'मजकूर' म्हणजे 'ज्याचा उल्लेख झाला ते', मराठीत मात्र 'लिहिलेला भाग'.)

ओळ छोटी असावी. जे दिसते तेच पुन्हा लिहू नये. 'मांजर रागावले आहे' असे लिहिले, तर कोण हसेल?

पण ती ओळ आपल्या मनातली असते, प्राण्याच्या नव्हे. अमेरिकेतील 'ग्रम्पी कॅट' हे मांजर २०१२ साली जगभर गाजले. ते रागीट मुळीच नव्हते. त्याच्या तोंडाची ठेवणच तशी होती. यात कोणाचे नुकसान झाले नाही.

स्लो लोरिसचे तसे नाही. मोठ्या डोळ्यांचा हा छोटा प्राणी आसामच्या जंगलातही आढळतो. गुदगुल्या केल्या की तो हात वर करतो. लोकांना वाटते, त्याला मजा येते! खरे तर तो घाबरलेला असतो. त्याच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातील रस लाळेत मिसळून विषारी चावा घेण्याची ती तयारी असते. अशी चित्रे पाहून काहींना तो पाळावासा वाटतो. मग त्याला जंगलातून पकडतात आणि विकण्यापूर्वी त्याचे दात तोडतात.