टॉमकॅट बसला, पण हिशेब उघडेना

आमच्या पेढीचा मालाचा आणि उधारीचा हिशेब 2017 सालापासून संगणकावर आहे. त्या वर्षी 1 जुलैला जीएसटी लागू झाला आणि लाल वहीवर भागेनासे झाले. तेव्हा एका होतकरू तरुणाने आम्हाला प्रोग्राम करून दिला. दुकान, गोदाम व मुनीमजींची खोली अशा तिन्ही ठिकाणी तो ब्राउझरमध्ये उघडतो. तो तरुण पुढे नोकरीसाठी आखातात गेला. प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालत राहिला, म्हणून आम्हीही त्याच्या पोटात काय आहे हे कधी विचारले नाही. ही आमची चूक होती.

2025 साली रमजानच्या तोंडावर, म्हणजे ऐन मोसमात, मुख्य संगणक बंद पडला. नवा आणला. दुरुस्तीवाला दोन दिवस बसला आणि शेवटी म्हणाला, "शेठ, तुमचा प्रोग्राम जुनाट झाला, नव्या मशीनवर चालणार नाही. नवा करून घ्या." त्याने सांगितलेल्या रकमेत ताग्यांच्या चांगल्या दोन गाठी आल्या असत्या. शिवाय कोणत्या पार्टीकडे किती बाकी आहे, हे त्या घडीला आमच्यापैकी कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. ईदच्या आधी वसुली करायची तर कशाच्या आधारावर?

बिरादरीतले बरेच व्यापारी आता अशाच प्रोग्रामांवर अवलंबून आहेत, म्हणून नेमके काय बिघडले होते ते येथे देत आहोत. ही मालूमात आम्हाला आमच्या भाचीकडून मिळाली. ती संगणकाचा डिप्लोमा करते. आल्याबरोबर तिने एकच सवाल केला, "मामू, लॉग कोणी वाचला का?" कोणीच वाचला नव्हता.

आधी रचना समजून घ्यावी. आमचा प्रोग्राम जावा भाषेत आहे. तो स्वतःहून ब्राउझरशी बोलत नाही. मध्ये एक दलाल लागतो, त्याचे नाव ॲपाची टॉमकॅट. गिऱ्हाइकाची मागणी तो घेतो, प्रोग्रामला देतो आणि प्रोग्रामने माहितीसाठ्यातून काढलेले उत्तर परत पोहोचवतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. म्हणजे आमच्याकडे चार वस्तू होत्या: जावा, टॉमकॅट, आमचा प्रोग्राम आणि ऑरॅकलच्या एक्स्प्रेस आवृत्तीचा माहितीसाठा. चारही वस्तू आपापल्या जागी ठीक होत्या. त्यांचे एकमेकांशी जमत नव्हते.

टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये 'लॉग्ज' नावाचे एक फोल्डर असते. तेथे रोजच्या तारखेच्या फाइली तयार होतात. तो टॉमकॅटचा रोजमेळच समजा. काय सुरू झाले, काय अडले, सारे वेळेसह लिहिलेले असते. पडद्यावर नुसते 'सुरू होऊ शकत नाही' एवढेच दिसते, कारण मात्र या फाइलीत सापडते.

पहिल्या दिवसाच्या फाइलीत 55 आणि 52 असे दोन आकडे होते. त्याचा उलगडा सोपा आहे. जावाच्या तयार फाइलीवर एक क्रमांक असतो, त्यातून 44 वजा केले की जावाची आवृत्ती कळते. 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे जावा 11, 61 म्हणजे जावा 17. दुरुस्तीवाल्याने आमच्या जुन्या प्रोग्रामसाठी जावा 8 बसवला आणि वर टॉमकॅट 10.1 घेतला, ज्याला किमान जावा 11 लागतो. टॉमकॅट उठलाच नाही. मग त्याने जावा 17 बसवला आणि टॉमकॅट उठला. लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेले असताना एक अख्खा दिवस अंदाजात गेला.

दुसरी भानगड पोर्टची. पोर्ट म्हणजे मार्केटमधला गाळा नंबर. एका गाळ्यात दोन पेढ्या बसू शकत नाहीत. टॉमकॅट आपला धंदा 8080 वर मांडतो. ऑरॅकलची ती जुनी 11जी एक्स्प्रेस आवृत्तीही आपल्या पानासाठी 8080 च धरते, आणि ती आधी बसवलेली होती. गंमत अशी की गाळा न मिळताही टॉमकॅटची सेवा 'चालू' असेच विंडोज दाखवत होते. ब्राउझरमध्ये 8080 उघडले की मात्र नाव आणि पासवर्ड मागणारी भलतीच खिडकी येई. दुरुस्तीवाला तिला आमच्या प्रोग्रामची खिडकी समजून तासभर पासवर्ड टाकत बसला. वास्तविक दार ऑरॅकलचे होते. लॉगमध्ये 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असे साफ लिहिलेले होते.

गाळा कोणी अडवला हे शोधायला काळ्या खिडकीत नेटस्टॅट हा आदेश ए, एन, ओ या अक्षरांसह देतात. प्रत्येक पोर्टसमोर एक क्रमांक येतो. तोच क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये पाहिला की धन्याचे नाव कळते. आमच्याकडे ऑरॅकलचा लिसनर निघाला. मग टॉमकॅटच्या 'कॉन्फ' फोल्डरातील सर्व्हर एक्सएमएल फाइलीत 8080 च्या जागी 8081 लिहिले आणि सेवा पुन्हा सुरू केली. जुन्या संगणकावरही असाच बदल केलेला असणार, पण तो कागदावर कोणी टिपून ठेवला नव्हता.

आता टॉमकॅटचे मांजराचे चित्र असलेले पान आले. आमचा प्रोग्राम मागितला, तर 404. येथेच दुरुस्तीवाल्याने 'जुनाट' हा फतवा काढला होता, आणि त्यात अर्धे सत्य होते. ऑरॅकलने 2017 साली जावाची ही व्यापारी शाखा एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचे ठरवले. पण 'जावाएक्स' या नावाखाली पुढचे बदल करण्याची परवानगी काही मिळाली नाही, म्हणून नव्या मालकांनी नावच 'जकार्ता' केले. टॉमकॅट 9 पर्यंत जुने नाव चालते, 10 पासून फक्त नवे. आमचा 2017 चा प्रोग्राम जुन्या नावाने हाक मारत होता आणि टॉमकॅट 10.1 त्या नावाला ओ देत नव्हता.

यावर उपाय दोन. टॉमकॅट 10 मध्ये 'वेबॲप्स-जावाईई' नावाचे फोल्डर करून त्यात प्रोग्रामची वॉर फाइल टाकली, तर तो स्वतः नावे बदलून घेतो. मात्र प्रोग्राम करणारा हाताशी नसताना ऐन मोसमात हा प्रयोग आम्हाला नको होता. म्हणून टॉमकॅट 9 ची त्या वेळची सर्वांत ताजी प्रत जावा 8 सोबत बसवली. जुन्या संगणकावरचा 8.5 मुद्दाम घेतला नाही, कारण त्याची देखभाल 31 मार्च 2024 रोजी बंद झाली आहे.

टॉमकॅट काढून टाकताना तो विचारतो की फोल्डरातील सर्व फाइली पुसू का? घाईत 'हो' दाबले, तर आपला प्रोग्रामही जातो. आमचे नशीब असे की मुनीमजी दर जुम्म्याला दुकान बंद करताना माहितीसाठ्याची आणि वॉर फाइलीची नक्कल पेनड्राइव्हवर घेत. त्यांना त्यातले काही कळत नव्हते. त्या तरुणाने सांगितले होते म्हणून ते आठ वर्षे करत आले. ही नक्कल नसती, तर वरचे सारे ज्ञान फुकट होते.

संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दुकानात प्रोग्राम उघडला. गोदामात मात्र उघडेना. विंडोजची फायरवॉल 8081 अडवत होती. आतल्या नेटवर्कपुरती त्या पोर्टला वाट दिली. बाहेरच्या इंटरनेटवरून दार उघडे ठेवू नका, असे भाचीने बजावले, आणि ते आम्ही पाळतो.

आता मुनीमजींच्या गल्ल्यात एक पुठ्ठा चिकटवला आहे: टॉमकॅट 9, जावा 8, पोर्ट 8081, ऑरॅकल 8080, वॉर फाइलीचे नाव, नक्कल कोठे आहे. त्याखाली भाचीचा फोन नंबर आहे.