कायदा, कविता आणि तीस तासिका

आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी कोर्टाचा कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. मी वकील नाही, बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. एकदा एक तलाक झालेली मुलगी नोटीस घेऊन आली. म्हणाली, ‘‘चाचा, इद्दत संपली. म्हणजे माझा हक्कपण संपला का?’’

श्रोतेहो, पुढे एका महाविद्यालयाने ‘कायदा आणि साहित्य’ हा ऐच्छिक विषय आखण्यासाठी मला बोलावले, तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात होता. विषय जाहीर करणे सोपे असते. खरी कसोटी असते ती व्यवस्थेची.

आधी वेळ पाहू. २०२०च्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. दोन श्रेयांक म्हणजे तीस तासिका. आठवड्याला दोन धरल्या तर पंधरा आठवडे. पहिल्या वेळापत्रकात आमचा तास शनिवारी दुपारी चारला होता. एसटीने येणाऱ्या मुली तोवर गावी पोचलेल्या असत. शेवटी दोन्ही तासिका जोडून बुधवारी सकाळी घेतल्या.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. पंधरा तास कायदा आणि पंधरा तास साहित्य, अशी वाटणी करू नये. दोघांनी एकाच वर्गात, एकच मजकूर समोर ठेवून बसावे. का, ते सांगतो. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५चा. त्यानंतर १९८६मध्ये मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांसाठी वेगळा कायदा आला. पतीने ‘इद्दतीच्या काळात’ वाजवी व न्याय्य तरतूद करावी आणि निर्वाहखर्च द्यावा, असे त्यात आहे. इद्दत साधारण तीन महिन्यांची. मग तरतूदही तेवढ्यापुरतीच का? २००१मध्ये दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तरतूद इद्दतीच्या काळात करायची. पण ती त्या काळापुरती नव्हे, तिच्या पुढच्या आयुष्याचाही विचार करून करायची. ‘काळात’ आणि ‘काळापुरती’! एका प्रत्ययावर बाईचा संसार तरतो किंवा बुडतो. हा धडा वकिलाने शिकवायचा की भाषेच्या मास्तरांनी? दोघांनी.

तिसरी गोष्ट वाचनसाहित्याची. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४मध्ये एका नियतकालिकात छापल्यावरून खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१५चा. कविता मराठीत, निकाल इंग्रजीत आणि तोही लांबलचक. म्हणून सत्र सुरू होण्याआधीच मोजकी पाने निवडून त्यांचा मराठी अनुवाद आणि झेरॉक्स तयार हव्यात. निवडक निकालांचे मराठी अनुवाद आता सर्वोच्च न्यायालयही उपलब्ध करून देते. ते आधी शोधावेत.

एक दिवस तालुका न्यायालयात जावे. तिथला कारभार बराचसा मराठीत चालतो. आधी परवानगी घ्यावी, दहा-दहाचे गट करावेत आणि कौटुंबिक प्रकरणे टाळावीत. ती अनेकदा बंद दालनात चालतात आणि ते योग्यच आहे.

परीक्षा मात्र निबंधाची नको. नावे खोडलेली एक नोटीस द्यावी आणि सांगावे, ‘अर्थ न बदलता ही अशी लिहा, की तुमच्या आईला समजेल.’ शब्द सोपा करताना हक्क कमी झाला, तर गुण कापावेत.

त्या मुलीला मी म्हटले, ‘‘नाही बेटी, इद्दतीबरोबर हक्क संपत नाही.’’ तिला तालुका विधी सेवा समितीकडे नेले. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे दार कुठे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या शेजारी पदवीधर मुले राहतात, त्यांनाही नव्हते.

तीस तासिकांत कुणी वकील होणार नाही, कवी तर नाहीच. पण गल्लीत आलेला कागद नीट वाचून दाखवणारा एखादा तरी तयार व्हावा. मी आता पन्नाशी ओलांडली आहे. पुढचा कागद कुणाकडे जाणार, ही माझी काळजी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)