'मोकळी जमीन' : एका संज्ञेचा अर्थ आणि गिरणगावाचा पुनर्विकास

नगररचनेच्या अभ्यासात नकाशे, आराखडे व लोकसंख्येचे तक्ते यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे नियमांच्या शब्दरचनेला सहसा दिले जात नाही. वस्तुतः एखाद्या वस्तीत उद्यान होणार की नाही, झाले तर किती मोठे होणार, हे पुष्कळदा एखाद्या संज्ञेच्या व्याप्तीवर अवलंबून असते. मुंबईतील परळ, लालबाग, भायखळा व वरळी या भागांत, म्हणजेच गिरणगावात, १९९१ नंतर घडून आलेला बदल याचे ठळक उदाहरण होय. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांचा अर्थ कसा बदलत गेला आणि त्याचा तेथील उद्यानांवर व रस्त्याकाठच्या व्यापारावर काय परिणाम झाला, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. पूर्वीची रचना

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. तेव्हापासून सुमारे शंभर वर्षांत गिरणी, चाळ व रस्ता या तीन घटकांनी मिळून या भागाची घडण झाली. चाळीतील खोल्या अगदी लहान असत. १९२० नंतरच्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतही एका खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूटच होते. एवढ्या जागेत संसार मावणे अशक्य असल्याने झोपणे, बसणे, मुलांचे खेळ, भजन व सभा या साऱ्या गोष्टी गॅलरीत, रस्त्यावर व मैदानात होत. त्यामुळे मोकळी जागा ही येथे चैनीची वस्तू नव्हती; ती घराचाच एक भाग होती.

चाळींच्या तळमजल्यावरील दुकानांचे कार्यही असेच व्यापक होते. कोकणातून व देशावरून एकट्याने आलेला कामगार खाणावळीत जेवे. अशा खाणावळी बहुधा स्त्रिया चालवीत, व त्यांच्या संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. वाण्याच्या वहीवरील उधारी पगाराच्या दिवशी चुकती होई. संपाच्या काळात हीच उधारी कामगारकुटुंबांचा आधार ठरे. तात्पर्य, दुकानाचे दार रस्त्यावर उघडत होते म्हणून विक्रीबरोबर ओळख, पत व बातमी यांचाही व्यवहार तेथे चाले.

२. नियम व त्याचा अर्थ

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न निर्माण झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने त्याचे उत्तर स्थूलमानाने तीन वाट्यांत दिले. सुमारे एक तृतीयांश जमीन महापालिकेकडे उद्याने व क्रीडांगणे यांसाठी जावी, दुसरा वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाकडे जावा, आणि उरलेला मालकाने विकसित करावा. घरांच्या व मालकाच्या वाट्यांचे प्रमाण भूखंडाच्या आकारानुसार बदलत असे. मोकळ्या जागेचा वाटा मात्र सर्वत्र ३३ टक्के होता.

तथापि या नियमात एक वाट खुली होती. उभ्या असलेल्या इमारती कायम ठेवून त्यांचा व्यापारी कामासाठी वापर केल्यास जमिनीची वाटणी करावी लागत नसे. त्यामुळे सार्वजनिक उपयोगासाठी जमीन फारशी हाती येईना. ही कोंडी फोडावी, आजारी गिरण्यांना निधी मिळावा व कामगारांची थकलेली देणी भागावीत, अशी कारणे देऊन २००१ मध्ये नियमात दुरुस्ती करण्यात आली. दुरुस्त नियमानुसार वाटणी केवळ 'मोकळ्या जमिनी'ची व शिल्लक चटईक्षेत्राची व्हावयाची होती. जुन्या इमारती पाडल्यावर रिकामी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली.

या फरकाचे महत्त्व कळण्यासाठी गिरणीच्या बांधणीकडे पाहिले पाहिजे. सूतकताईचे खाते अनेक मजली असू शके; परंतु विणकामाच्या साचेखात्यातील यंत्रांचा हादरा व उजेडाची गरज यांमुळे त्यासाठी एकमजली, करवतीच्या दातांसारख्या छपराच्या विस्तीर्ण पडव्या बांधीत. साहजिकच आवाराचा मोठा भाग छपराखाली असे. समजा, एखाद्या गिरणीचे आवार ६ हेक्टरांचे असून त्यांपैकी ४.५ हेक्टरांवर बांधकाम आहे. संपूर्ण जमीन हिशेबात धरल्यास उद्यानासाठी १.९८ हेक्टर जमीन मिळेल. केवळ मोकळी १.५ हेक्टर धरल्यास अर्धा हेक्टरही मिळणार नाही. टक्केवारी तीच राहिली, पण ती ज्या राशीवर लावावयाची ती राशीच आकुंचित झाली.

याच मुद्द्यावर बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दाद मागितली. इमारती पाडून रिकामी झालेली जमीनही 'मोकळी जमीन'च होय, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये लावला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ च्या निर्णयाने तो फिरवून २००१ चा दुरुस्त नियम वैध ठरविला.

३. उद्यानांचा आकार व स्थान

क्षेत्रफळाइतकाच महत्त्वाचा प्रश्न सलगतेचा आहे. प्रत्येक गिरणीतून स्वतंत्र वाटा घेतल्यास लहानलहान तुकडे हाती येतात, आणि असा तुकडा आवाराच्या आतील बाजूस असल्यास परक्या माणसाचे पाऊल तेथे सहसा वळत नाही. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा आग्रह धरला होता तो याचसाठी. अशा एकत्रित आराखड्यावाचूनच बांधकाम पुढे गेले. कचेऱ्या वाढल्या, पण पादचाऱ्यांच्या वाटा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ही विसंगती सर्वांच्या ध्यानात आली.

जवळच असलेल्या शिवाजी पार्कशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झालेले व १९२७ मध्ये सध्याचे नाव मिळालेले हे सुमारे २८ एकरांचे मैदान सलग आहे. त्याच्या चारही बाजूंस रस्ते असून रस्ता व मैदान यांच्यामध्ये बसता येईल असा कट्टा आहे. तेथे जाण्यास कोणत्याही इमारतीच्या दारातून जावे लागत नाही. मैदानाची सार्वजनिकता अशा रीतीने त्याच्या रचनेतच सामावलेली आहे.

४. रस्त्याकाठचा व्यापार

नव्या संकुलांत दुकाने नाहीत असे नव्हे. लोअर परळ येथील फिनिक्स गिरणीच्या आवारात मोठे व्यापारी संकुल उभे राहिले आहे. भेद आहे तो दाराच्या दिशेचा. संकुलातील दुकाने आतील बाजूस उघडतात. उंच निवासी इमारतींच्या खालच्या मजल्यांवर बहुधा वाहनतळ असतो, व रस्त्याच्या वाट्याला भिंत आणि पहारेकऱ्याची चौकी येते. दुकानांची ओळ तुटली की संध्याकाळचा उजेड व वर्दळ कमी होते. याउलट लालबागच्या मसाल्याच्या बाजारात व चिवडा गल्लीत जुनी रीत अद्याप टिकून आहे. दारासमोर माल मांडलेला असतो आणि विक्री रस्त्याच्या साक्षीने होते.

येथे एक अर्थशास्त्रीय बाबही ध्यानात घ्यावी लागते. लहान दुकानदार जुन्या भाड्याच्या आधारावर तग धरून असतो. पुनर्विकासात त्यास नवा गाळा मिळाला तरी देखभालीचा खर्च वाढतो, आणि बांधकामाच्या काळात गिऱ्हाईक पांगते. पथविक्रेत्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिले. परंतु पदपथच राहिला नाही तर त्या संरक्षणाचा उपयोग मर्यादित ठरतो.

५. समारोप

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास हाती घेण्यात आला असून १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर ही रहिवाशांची खरी व न्याय्य प्राप्ती आहे. गॅलरीतील व रस्त्यावरील सहजीवनाच्या कौतुकापायी ती नाकारणे अनुचित होईल. परंतु घर मोठे झाले म्हणून मैदानाची व दुकानाची गरज संपत नाही, कारण इमारतींची उंची वाढली की त्याच भूमीवर उतरणारी माणसे अनेक पटींनी वाढतात.

म्हणून पुनर्विकासाच्या कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना तीन गोष्टी तपासणे अवश्य आहे. उद्यानाची टक्केवारी कोणत्या क्षेत्रावर मोजली आहे? मिळणारी जागा सलग व रस्त्यालगत आहे काय? आणि तळमजल्यावरील दारे कोणत्या दिशेस उघडतात? गिरणगावात पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाच्या अर्थाने ठरले आणि उरलेले दोन प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत. ज्या वस्त्यांचे आराखडे अद्याप कागदावर आहेत, तेथे तरी ते विचारण्यास अवकाश आहे.