पोशाख कोणाच्या सोयीचा?

वसंतात भरणाऱ्या व्याख्यानमालांना नाव वसंताचे असले तरी ऊन वैशाखाचे असते. संध्याकाळी सहा वाजताही मंडपाचे कापड तापलेले असते. अशाच एका मंडपात एका वर्षी गरम कापडाचा सूट आणि टाय घालून आलेले एक वक्ते आम्ही पाहिले. विषय चांगला होता, मांडणीही चांगली होती. पण आमचे लक्ष राहून राहून त्यांच्या भिजलेल्या कॉलरीकडे जात होते. समोरचे श्रोते हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते, त्यांना तेवढीही मोकळीक नव्हती. नंतर चहाच्या वेळी आम्ही त्यांना विचारले, "कोट काढून का नाही बोललात?" ते म्हणाले, "बरे दिसले नसते." कोणाला बरे दिसले नसते, हे मात्र त्यांना सांगता येईना. श्रोत्यांपैकी कोणी हरकत घेतली नसती. चालकांनी तर आग्रहाने काढायला लावला असता.

पोशाखाविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे 'जसा देश तसा वेश' ही म्हण ताबडतोब पुढे येते, आणि तिचा अर्थ 'चार लोक घालतात तसे घाला' असा लावला जातो. आमच्या मते हा अर्धाच अर्थ झाला. देश म्हणजे केवळ चार लोक नव्हेत. देश म्हणजे तिथले ऊन, पाऊस, चिखल आणि तिथले कामही. कोकणात भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते इरले पाहा. छत्रीने पाऊस अडतो, पण एक हात अडकतो. लावणीला दोन्ही हात मोकळे हवेत आणि कमरेतून वाकलेल्या माणसाची पाठ झाकली पाहिजे. या दोन गरजांतून इरल्याचा आकार ठरला. कासोटा घालून नेसलेले नऊवारी लुगडेही तसेच. चिखलात उतरायचे, बांध ओलांडायचा, डोक्यावर भारा घ्यायचा, तर पाय मोकळे राहिले पाहिजेत. धनगराची घोंगडी पावसात पांघरूण होते, रात्री अंथरूण होते. या वस्तू ज्यांनी वापरल्या त्यांनीच त्या ठरवल्या, हे त्यांच्याकडे पाहताच कळते.

कारखाना आला आणि हे गणित बदलले. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. घरून निघताना त्यांच्या अंगावर लेंगा, सदरा आणि टोपी, सगळे स्वच्छ. गिरणीत शिरले की ते कपडे खिळ्यावर, आणि अंगात खाकी अर्धी विजार आणि बनियन. कारण साधे होते. हवा कोरडी असली की सुताचा धागा तुटतो, म्हणून साचेखात्यात मुद्दाम दमटपणा ठेवतात. त्या दमट उकाड्यात आठ तास सदरा अंगात ठेवणे शक्यच नव्हते. पाळी सुटली की कापसाची धूळ झटकून पुन्हा लेंगा-सदरा. चाळीतल्या कोणी आबांना विजारीत पाहिलेले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. त्यानंतर ती विजार घरी आली, ती कित्येक वर्षे ट्रंकेत पडून होती.

यंत्राजवळच्या कपड्याविषयीचा नियम मात्र आम्ही मनापासून मानतो. पूर्वी यंत्रे वरच्या शाफ्टवरून येणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांवर चालत. धोतराचा सोगा, सदऱ्याची सैल बाही किंवा पदर त्या पट्ट्यात गेला तर माणूस त्याच्यामागोमाग ओढला जाई. म्हणून १९४८च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमात अशी तरतूद केली होती, की चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी वगैरे करणाराने अंगासरशी बसणारे कपडे घातले पाहिजेत आणि ते कारखानदाराने पुरवले पाहिजेत. या एका वाक्यात नियमही आहे, त्याचे कारणही आहे आणि खर्च कोणी सोसायचा तेही आहे. पोशाखाचे सगळेच नियम असे असते तर आम्हाला हा लेख लिहावा लागला नसता.

आता एक उलट गोष्ट सांगतो. एका फाउंड्रीत कंत्राटदाराने भट्टीजवळच्या पोरांना टेरिकॉटचे गणवेश दिले. निळा सदरा, निळी पँट, खिशावर नाव. टेरिकॉटात सुताबरोबर पॉलिएस्टरचा धागा असतो. तो चुरगळत नाही, लवकर वाळतो, पुष्कळ टिकतो. म्हणून तो कंत्राटदाराला स्वस्त पडतो. परंतु पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. सुती कापडही जळते, नाही असे नाही. पण ते जळून कोळसा होते, त्याचा रस होत नाही. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि चिकटलेल्या जागी भाजतच राहते. त्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाची एक शिंतोडी एका पोराच्या मनगटाच्या वर उडाली. सुती बाही असती तर भोक पडले असते आणि लहानसा फोड आला असता. इथे बाहीचा तुकडा कातडीसकट सोडवावा लागला. अहवालात 'कामगाराने पुरेशी काळजी घेतली नाही' असे लिहिले गेले. आम्ही कंत्राटदाराला जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, पोरं किती रुबाबदार दिसतात! पाहुणे आले की तारीफ करतात."

तीन महिने भांडून जाड सुती कापडाचे कपडे मिळाले. आता पोरे खूष होतील असे आम्हाला वाटले होते. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यातला एक जण कार्यालयात आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बरोबर केलंत, पण टेरिकॉटची घडी राहत होती. वस्तीत शिरलो की कंपनीत आहे असं दिसायचं. आता हमाल दिसतो." (हमाल बंधूंनी रागावू नये. १९६९चा माथाडी कायदा ज्यांनी झगडून मिळवला, त्यांच्या अंगावरच्या कपड्याची लाज कोणी का बाळगावी? पण पोर जे बोलले ते आम्ही तसेच लिहिले आहे.)

त्याचे हे म्हणणे ऐकून आम्ही निरुत्तर झालो. अंगाची सोय आम्ही पाहिली होती, मनाची पाहिली नव्हती. कामगाराला कपडा नुसता अंग झाकायला लागत नाही, चारचौघांत मान वर करून चालायलाही लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ठेवणीतला, परीटघडीचा सदरा घालून मुलाबाळांसह बाहेर पडायला आठवड्यात एक दिवस तरी हाती असल्याशिवाय त्या सदऱ्याचा उपयोग काय? शेवटी आम्ही मालकांकडे नवी मागणी केली, की भट्टीवर सुतीच राहील, पण आपले कपडे ठेवायला प्रत्येकाला कपाट आणि अंग धुवायला न्हाणी द्या. ही काही आमच्या डोक्यातली अजब कल्पना नव्हती. कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्यासाठी आणि ओले कपडे वाळवण्यासाठी जागा असावी, असे नियम करण्याची तरतूद त्याच १९४८च्या कायद्याच्या ४३व्या कलमात होती. कायदा करणारांना आबांचा खिळा ठाऊक होता असे म्हणावे लागेल.

मान वर करण्याचा हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात फार जुना आहे. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. सरदार आणि धनिक मंडळी दागदागिने घालून आलेली असताना जोतीराव फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि खरी रयत कोणती ते त्यांनी पाहुण्यांना ऐकवले. उलटपक्षी डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना सांगितले, की तुमची लुगडी नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती टाकून द्या, वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे नेसा आणि कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. बायकांनी ते लगोलग अंमलात आणले. स्वतः बाबासाहेब सूट-बुटात वावरले. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरैला सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला आणि १९३१ साली इंग्लंडच्या राजवाड्यातही ते त्याच पोशाखात गेले.

आमच्या अभ्यासवर्गात यावर हमखास वाद होतो. सूट बरोबर की पंचा बरोबर, असा प्रश्न तरुण मंडळी टाकतात. आम्ही त्यांना त्रावणकोरची हकिकत सांगतो. तिथे नाडर स्त्रियांना वरच्या जातींप्रमाणे छाती झाकण्याची मनाई होती, आणि पुष्कळ दंग्याधोप्यानंतर १८५९ साली राजाच्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मोकळीक मिळाली. तीही वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे नेसायचे नाही या अटीवर. ज्यांच्यावर अपुरा कपडा लादला गेला, त्यांनी पुरा कपडा घालणे हे बंड होय. ज्याला पुरा कपडा मिळू शकत होता, त्याने अपुऱ्या कपड्यातल्यांच्या शेजारी जाऊन बसणे हेही बंडच. दोघांनीही आपला कपडा आपण ठरवला.

प्रसंगाचा पोशाख असूच नये असे आमचे म्हणणे नाही. मयताला जाताना भडक कपडे टाळतो ते दुसऱ्याच्या दुःखाची जाण ठेवून, आणि ती ठेवलीच पाहिजे. लग्नात नवरदेवाने एका संध्याकाळपुरती भाड्याची शेरवानी घ्यावी आणि त्यासाठी पतपेढीतून उचल मागावी, हे मात्र आम्हाला पटत नाही. तसे आम्ही उचलीच्या अर्जावर सही करतो, ही गोष्ट वेगळी.

आणि दुसऱ्याला नावे ठेवताना स्वतःचेही सांगितले पाहिजे. आमच्या चळवळीत खादीचा झब्बा हा कोणी न सांगितलेला गणवेशच आहे. पाचसहा वर्षांपूर्वी एक तरुण कार्यकर्ता सभेला जीन आणि चित्राचा बनियन घालून व्यासपीठावर बसला. जुन्या मंडळींनी नाके मुरडली, आणि आम्ही त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "उद्यापासून सदरा घालून येत जा." त्याने शांतपणे विचारले, "काका, हे संघटनेच्या घटनेत कुठल्या कलमात आहे?" कुठल्याच कलमात नव्हते. त्या वक्त्यांच्या कोटाची आम्हाला त्या वेळी आठवण झाली नाही, आता लिहिताना होत आहे.

सध्या आमच्यापुढे असलेले काम रखवालदारांचे आहे. एका खासगी एजन्सीमार्फत शहरातल्या इमारतींच्या फाटकांवर उभ्या राहणाऱ्या या लोकांना पूर्ण बाह्यांचा जाड टेरिकॉटचा सदरा, पट्टा, टोपी, चामडी बूट आणि हूक लावलेला तयार टाय मिळतो. बारा बारा तास उन्हात हा सरंजाम वागवायचा, आणि त्याचे पैसे पहिल्या पगारातून कापून जातात. बायकांनाही पुरुषांच्याच मापाचे कपडे देतात. एक बाई घरून साडी नेसून येते आणि मीटरच्या खोलीत कपडे बदलते, कारण बदलायला दुसरी जागाच नाही. दुसरीने मात्र आम्हाला बजावले, "भाऊ, पँट काढून घेऊ नका हं. पँटीत पळता येतं. आणि रात्री फाटकावर कोणी 'ए बाई' म्हणत नाही, 'मॅडम' म्हणतात." म्हणून आम्ही गणवेश रद्द करा असे म्हणत नाही. कापड आम्हाला आधी दाखवा, एक आठवडा चार जणांना घालून पाहू द्या, बायकांना त्यांच्या मापाचे द्या, पैसे कापू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे. वकिलांचेच पाहा. त्यांच्या बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडली तर उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. म्हणजे न्यायालयाची शान कोटावाचून राहते; फाटकाची मात्र टायवाचून जाते असे दिसते.

गेल्या बैठकीत अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि बायकांची मापे मान्य झाली. कपातीचे भिजत पडले आहे. टायवर एजन्सीचे साहेब अडून बसले. म्हणाले, "सोसायटीवाल्यांना टाय लागतो." आम्ही एका रविवारी त्यातल्या एका सोसायटीच्या चिटणीसांकडे गेलो. ते अर्ध्या चड्डीत आणि बनियनवर दार उघडायला आले, आम्हाला बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "आमचं टायबद्दल काहीच म्हणणं नाही हो. ते एजन्सी ठरवते." हे आम्ही एजन्सीला लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही. तोवर रात्रपाळीच्या मंडळींनी टाय खिशात ठेवायला सुरुवात केली आहे, आणि तपासनिसाची मोटारसायकल वळणावर दिसली की एकमेकांना शिटी देतात.