क्ष-किरणांचे चित्र आणि शिकणारे यंत्र

इ. स. १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला आणि शस्त्र न चालविता जिवंत देहातील हाडे दिसू लागली. परंतु ते चित्र म्हणजे अखेर एक सावलीच. सावलीत पुढचे आणि मागचे अवयव एकमेकांवर पडतात. ही अडचण सी. टी. स्कॅनने दूर केली. या यंत्रात क्ष-किरणांचा उगम रोग्याभोवती फिरतो, अनेक दिशांनी सावल्या टिपल्या जातात आणि त्यांवरून शरीराचा आडवा छेद संगणक गणिताने रचतो. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या अशा यंत्राने १९७१ च्या ऑक्टोबरात लंडन येथे पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले.

या वरदानास एक किंमत आहे. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किरणमात्रा शरीरात जाते. छातीच्या नेहमीच्या सी. टी. स्कॅनमध्ये ती पाच-सहा मिलिसिव्हर्ट, कधी त्याहूनही अधिक असते. तिच्यामुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका अल्प असला, तरी वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तो अधिक मानला जातो.

मग मात्रा कमीच का करू नये? वाचकहो, पाऊस नुकताच सुरू होतो तेव्हा अंगणातील फरशांकडे पाहा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर एकही नाही! मुसळधार सरीत मात्र सर्व फरश्या सारख्याच भिजतात. क्ष-किरणांच्या कणांचेही तसेच. सरासरी १०० कण पोहोचले, तर मोजणीत सुमारे १० कणांचा, म्हणजे शेकडा १० चा चढउतार होतो. १०,००० पोहोचले, तर तो शेकडा १ वर येतो. म्हणून मात्रा पावपट केली की चित्रातील दाणेदारपणा दुप्पट होतो आणि लहानशी गाठ त्यात हरवू शकते.

येथे डीप लर्निंग साह्यास येते. संगणकास एकाच छेदाच्या दोन प्रती दाखवितात : एक दाणेदार, दुसरी स्वच्छ. पहिलीवरून त्याने दुसरीचा अंदाज करावयाचा. अंदाज चुकला की त्या चुकीच्या प्रमाणात यंत्रातील असंख्य आकडे थोडेथोडे बदलले जातात. हा अभ्यास हजारो वेळा झाला म्हणजे दाणे कोणते व अवयवाची कड कोणती, हे त्यास उमगू लागते. मात्र शिकविण्यासाठी रोग्यास दोनदा किरण देणे योग्य नव्हे. म्हणून अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सहकार्याने २०१६ मध्ये झालेल्या स्पर्धेत पूर्ण मात्रेच्या नोंदींत गणिताने दाणेदारपणा मिसळून पाव मात्रेची चित्रे सिद्ध केली होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पद्धतींना रुग्णालयीन वापरासाठी मंजुरी दिली.

तथापि एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. यंत्र शिकते ते पाहिलेल्या उदाहरणांवरून. क्वचितच आढळणारी बारीक विकृती ते दाणा समजून पुसून टाकू शकते. नसलेली रेषा रेखाटूही शकते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने अशा काही यंत्रजालांतील हे दोष उघड केले. चित्र गुळगुळीत झाले म्हणजे ते खरे झाले, असे नव्हे. म्हणूनच नव्या पद्धतीची कसोटी डोळ्यांना येणाऱ्या सुखावर नव्हे, तर रोग अचूक ओळखला जातो की नाही, यावर घ्यावयास हवी.

रोग्याच्या देहात कमीत कमी किरण जावेत आणि वैद्याच्या दृष्टीतून काहीही निसटू नये, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळावयाची आहेत. यंत्राने चित्र उजळावे. परंतु त्यावरून निर्णय करण्याची जबाबदारी जाणत्या माणसाचीच राहावी, असे आम्हांस वाटते.