भाकरीएवढ्या चकतीतली फुलं

दसऱ्याच्या आदल्या रात्री तोरणं ओवून झाली की देठ तुटलेले झेंडू उरतात. ते परातीत घेऊन रांगोळीसाठी पाकळ्या सोडवायच्या, हे आमच्याकडे मुलांचं काम. चिमटीत धरून ओढलं की पाकळी अलगद सुटून येते, आणि तिच्या बुडाशी एक बारीक काळी काडी असते. रांगोळीत काळं दिसायला नको म्हणून आजी ती काडी नखाने खुडायला लावायची. अशा किती काड्या मी खुडल्या असतील! त्या काय आहेत, हे खूप उशिरा कळलं. ती काडी म्हणजे होऊ घातलेलं बी. आता जिच्या पायाशी तिचं स्वतःचं बी आहे, ती नुसती पाकळी कशी असेल? ते एक अख्खं फूल आहे. झेंडूचं एक फूल तोडलं असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर फुलांनी भरलेली एक परडी तोडलेली असते.

शेवंती, डेलिया, करडई, चटणीचे कारळे, सगळी याच कुळातली. पण हा सगळा मामला उघड्या डोळ्यांनी, भिंगाशिवायसुद्धा पाहायचा असेल, तर सूर्यफुलासारखं दुसरं झाड नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे की गच्चीत जागा असो की अंगणात, आयुष्यात एकदा तरी सूर्यफूल लावावं आणि ते उमललं की रोज सकाळी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभं राहावं.

कडेच्या पिवळ्याधमक पाकळ्यांपासून सुरुवात करू. झेंडूसारखंच इथेही प्रत्येक पाकळी हे एक फूल आहे, फक्त सूर्यफुलात ही कडेची फुलं वांझ असतात. त्यांना बी धरत नाही. लांबून जाणाऱ्या मधमाशीला बोलावणं, एवढंच त्यांचं काम. मधमाशीला ती आपल्यापेक्षा वेगळी दिसतात. तिला अतिनील प्रकाश दिसतो, आणि त्या प्रकाशात पाकळ्यांच्या बुडाशी गडद वर्तुळ उमटतं, नेमबाजीच्या लक्ष्यावर असतं तसं. आपल्या डोळ्यांना मात्र तिथे नुसता पिवळा रंग दिसतो.

खरी वस्ती मधल्या चकतीत आहे. कुंडीतल्या मध्यम फुलातही काही शे, शेतातल्या चांगल्या पोसलेल्या फुलात हजाराच्या वर, अशी इवली नळीसारखी फुलं तिथे दाटीने उभी असतात. ती सगळी एकदम उमलत नाहीत. कडेकडून सुरुवात होते आणि रोज एक-दोन रांगा आत सरकतात. चकती पुरी उमलायला आठवडा, कधी दहा दिवसही लागतात.

या मधल्या दिवसांतल्या एका सकाळी, आठच्या सुमाराला, चकतीवर नाक टेकेल इतकं जवळ जा. चार वर्तुळं दिसतील. सगळ्यात आत हिरवट, मिटलेल्या कळ्या. त्यांच्या बाहेर आज उमललेली रांग. तिथल्या प्रत्येक नळीतून पुंकेसरांची एक गडद, जवळजवळ काळी नळकांडी वर आलेली असते आणि तिच्या तोंडाशी पिवळे परागकण साचलेले असतात. ते आतून वर ढकलले गेलेले असतात. नळकांडीच्या आत कुक्षीचा दांडा वाढत असतो आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा तो पराग वर रेटतो. त्याच्याही बाहेर कालची रांग. तिथे तो दांडा नळकांडीतून पार बाहेर आलेला आणि त्याचं टोक दुभंगून दोन बाजूंना वळलेलं दिसतं. म्हणजे हे इवलं फूल पहिल्या दिवशी नर असतं आणि दुसऱ्या दिवशी मादी. सगळ्यात बाहेर, काम उरकून सुकलेली फुलं. एकाच चकतीवर उद्या, आज, काल आणि परवा शेजारी शेजारी मांडून ठेवलेले. मी पहिल्यांदा हे नीट पाहिलं तेव्हा चहा खाली स्वयंपाकघरात निवून गेला होता.

एवढी व्यवस्था कशासाठी? स्वतःचा पराग स्वतःलाच लागू नये म्हणून. जुन्या वाणांमध्ये तर झाडाला स्वतःचा पराग चालतच नाही, दुसऱ्या झाडाचाच हवा. हल्लीच्या बऱ्याच संकरित वाणांना चालतो, तरी मधमाशी येऊन गेली तर दाणे जास्त भरतात. नाही आली तर बाहेरून बी झकास काळं दिसतं, पण चिमटीत दाबलं की पचकन चपटं होतं. आत काहीच नसतं. शेतकरी त्याला पोचट म्हणतात.

लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या सूर्यफुलाच्या शेतकऱ्यांना यावरचा उपाय ठाऊक आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळच्या वेळी हाताला तलम, मऊ कापड गुंडाळायचं आणि एकेका फुलाच्या चकतीवरून तळहात गोल, हलका फिरवत पुढे जायचं. एका फुलाचा पराग कापडाला लागतो आणि पुढच्या फुलाला पोचतो. दर एका दिवसाआड हे करायचं, कारण रोज नवी रांग उमलते. कृषी विद्यापीठंही हीच शिफारस करतात. मुलाच्या गालावरून फिरवावा तसा शेतभर हात फिरवत जाणारी माणसं पाहिली की शेतीत मायेला किती जागा आहे ते दिसतं. गच्चीवर मी जुन्या सुती साडीचा तुकडा वापरते. पण त्यासाठी एकटं झाड उपयोगाचं नाही. तीन-चार बिया एकाच दिवशी लावा, म्हणजे झाडं बरोबरीने फुलतील.

आता ती चकती पुन्हा पाहा, थोडं मागे सरून. फुलांच्या रांगा सरळ नाहीत, वळत गेल्या आहेत. काही डावीकडे, काही उजवीकडे, एकमेकींना छेदत. सुकलेलं फूल घेऊन स्केचपेनाने एकेक वळण रंगवत मोजलं तर बहुतेक वेळा एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५ भरतात. मोठ्या फुलात ५५ आणि ८९.

हे आकडे कुठून आले? शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मोजलेत. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. समजा चार मात्रांची जागा भरायची आहे. चारही लघु घेता येतील, दोन्ही गुरू घेता येतील, किंवा एक गुरू आणि दोन लघु, त्यात गुरू आधी, मध्ये किंवा शेवटी. एकूण पाच प्रकार. तीन मात्रांचे तीन प्रकार होतात, पाचांचे आठ, सहांचे तेरा. ओळ एक तर लघूवर संपणार नाही तर गुरूवर, त्यामुळे प्रत्येक नवी संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज. ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. आपल्याकडच्या छंदशास्त्रकारांनी, विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात गुजरातेतल्या आचार्य हेमचंद्रांनी, ही रीत मांडून ठेवली होती. इटलीतल्या फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ साली, आणि जगभर ही मालिका त्याच्याच नावाने ओळखली जाते. कवितेच्या ओळी मोजता मोजता सापडलेली संख्या फुलाच्या चकतीत निघावी, याने मी दर वेळी नव्याने थक्क होते.

झाडाला अर्थातच बेरीज येत नाही. त्याची अडचण जागेची आहे. नवी कळी धरताना ती आधीच्या कळ्यांपासून जिथे सगळ्यात मोकळं असेल तिथे येते. दोन लागोपाठच्या कळ्यांमध्ये त्यामुळे सुमारे १३७.५ अंशांचा कोन पडतो. हा कोन १२० अंश असता तर चौथी कळी बरोबर पहिलीच्या रेषेत आली असती. तीन सरळ रांगा आणि मध्ये रिकाम्या फटी राहिल्या असत्या. १३७.५ अंशांवर कुणीच कुणाच्या नेमकं रेषेत येत नाही आणि चकती गच्च भरते. संगणकाचा पाया घालणारे ॲलन ट्यूरिंग १९५४ साली वारले, तेव्हा याच कोड्यावर काम करत होते. त्यांच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाच्या हाकेला ओ देऊन लोकांनी आपापल्या बागेत सूर्यफुलं लावली आणि वळणं मोजून पाठवली. ६५७ फुलांची मोजणी पुढे २०१६ साली प्रसिद्ध झाली. बहुतेक फुलांत हीच मालिका निघाली. काहींत नाही निघाली, आणि तेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे छापलं. तेव्हा तुमच्या फुलात ३३ भरले तर चुकलं असं समजू नका, फक्त एकदा पुन्हा मोजा.

सूर्याकडे वळण्याबद्दल मात्र आपल्या सगळ्यांचा एक समज पक्का असतो, की हे फूल दिवसभर सूर्यामागे फिरतं. फिरतं ते कोवळं झाड, कळी धरेपर्यंतचं. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकत जातो. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि शेंडा हळूहळू पूर्वेला परततो. सूर्य उगवायच्या आधीच तो पूर्वेकडे तोंड करून तयार असतो! अंधारात त्याला दिशा कोण सांगतं? त्याच्या आतलं घड्याळ. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टेसी हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हे दाखवून दिलं. बाहेरची झाडं त्यांनी खोलीत आणून डोक्यावर स्थिर दिवा लावला, तरी ती काही दिवस डुलतच राहिली. दिवस तीस तासांचा केला तेव्हा मात्र त्यांचा मेळ बिघडला.

फूल पुरतं उमललं की फिरणं थांबतं आणि ते कायमचं पूर्वमुखी होतं. घराचं दार पूर्वेला असावं असं आपल्याकडे म्हणतात, तसंच. सकाळच्या उन्हाने पूर्वेकडचं फूल लवकर तापतं आणि उबदार फुलावर माश्या जास्त येतात. हार्मर यांच्या गटाने काही कुंड्या फिरवून फुलं पश्चिमेला केली, तर पूर्वेकडच्या फुलांवर त्यांच्या पाचपट माश्या आल्या.

इथे फ्लॅटमधल्या वाचकांसाठी एक गोष्ट. गॅलरीत सूर्यफूल लावलं आणि ते फिरलंच नाही, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. गॅलरीत उजेड एकाच बाजूने येतो. झाड त्या बाजूला वाकतं आणि तिथेच राहतं, दुसरं काय करणार? फिरणं पाहायचं तर वर मोकळं आकाश हवं. गच्ची, अंगण, निदान पत्र्याच्या पुढची मोकळी जागा. कुंडीच्या चारी बाजूंना खडूने दिशा लिहून सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा असे एकाच जागेवरून तीन फोटो काढा. मुलांना हे फार आवडतं.

लावणं मुळीच अवघड नाही. सूर्यफूल खरीप, रब्बी, उन्हाळी, तिन्ही हंगामांत येतं, पण फुलोऱ्यात पाऊस लागला तर पराग धुऊन जातो, म्हणून घरच्या बागेला दिवाळीच्या आसपासची पेरणी बरी. बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत, बोटाच्या एका पेराइतकं खोल टोचायचं. रोप करून मग हलवण्याच्या भानगडीत पडू नये, त्याच्या सोटमुळाला ते सोसत नाही. निदान बारा इंच खोल कुंडी, एका कुंडीत एकच झाड, मातीत भरपूर शेणखत किंवा गांडूळखत, खाली पाण्याला वाट, आणि सहा तास ऊन. आठवड्याभरात अंकुर वर येतो, डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं घेऊन. ती टोपी ओढून काढू नका, पानं उघडली की पडते. वारा असेल तर काठीचा आधार द्या. मावा आला तर निंबोळी अर्क चालेल, पण फुलोऱ्यात काहीही फवारू नका. दोन महिन्यांच्या आसपास फूल येतं. फक्त फुलदाणीसाठी हवं असेल तर पाकळ्या उघडायला लागल्या की भल्या सकाळी कापा, आठवडाभर सहज टिकतं.

बियांसाठी थांबणार असाल तर महिनाभराचा धीर हवा, आणि एक जुनं मलमल. दाणे भरायला लागले की पोपटांना कसं कळतं कोण जाणे, सकाळी पाहावं तर अर्धी चकती रिकामी. चकतीला कापड सैलसर बांधून ठेवा. मागची बाजू हिरव्याची पिवळी आणि मग तपकिरी झाली की दांड्यासकट कापून सावलीत उलटं टांगायचं.

हे झाड मुळात उत्तर अमेरिकेचं. तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ते माणसाळवलं. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात युरोपात नेलं, त्यातून तेल काढायचा धंदा रशियात बहरला, आणि १९६९ मध्ये सोव्हिएत रशियातूनच तेलबिया म्हणून त्याचे वाण आपल्याकडे आले. मराठवाड्याच्या शिवारात १९९०च्या आसपास जिकडे तिकडे पिवळं दिसायचं. आज ते फार कमी झालं आहे. आपल्या कढईतलं बहुतेक सूर्यफूल तेल बाहेरून येतं, आणि २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा पिशवीचा भाव कसा चढला ते सगळ्यांच्या लक्षात असेल. घरच्या चार झाडांतून तेल निघणार नाही. पण चटणी नक्की निघते.

वाळलेल्या चकतीवरून अंगठा दाबून फिरवला की दाणे भराभर गळतात. (पेरणीसाठी विकत आणलेलं रंगीत बी चुकूनही खाऊ नये, त्याला औषध चोळलेलं असतं.) कडक उन्हात वाळवून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं, टरफलं फुटतात, मग सुपात पाखडायचं. वेळखाऊ काम आहे, दोघींनी मिळून करावं. निघालेला गर मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचा. मिक्सर नको, तेल सुटून लगदा होतो. गरम भाकरीवर ही चटणी घेतली की शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा थोडी हलकी, थोडी गोडसर लागते.

दाणे काढून रिकामी झालेली चकती मी टाकत नाही. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी खिळ्याला टांगलेली आहे. जिथे जिथे दाणा होता तिथे आता एकेक खळगा आहे, आणि दुपारचं ऊन तिरपं पडलं की त्या खळग्यांतून वळणं स्पष्ट उठून दिसतात, ३४ एकीकडे आणि ५५ दुसरीकडे. भाजी निवडता निवडता शेजारची मुलगी ती पुन्हा मोजते आहे. परवा तिचे ५४ आले होते.