गिरगाव म्हणजे डोंगराचे गाव

गिरगाव हे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या गावातले कोणी ना कोणी मुंबईला असतेच. कोणाचा भाऊ लालबागला, कोणाची लेक परळला, कोणाचा पुतण्या शिवडीला. पण गिरगाव या नावाचा अर्थ कोणी विचारीत नाही. गिर म्हणजे डोंगर. डोंगराच्या पायथ्याचे गाव, ते गिरगाव. तुमच्या गावासारखेच गाव होते ते. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये शेते आणि वाड्या.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मुंबईत कसला आलाय डोंगर? तिथे नुसत्या इमारती." पण डोंगर आहे. तो इमारतींनी झाकला आहे, एवढेच. आणि आम्हाला वाटते, तो शहरातल्या माणसापेक्षा तुम्हाला लवकर ओळखू येईल. चढ कुठे लागला, पाणी कुठे वाहते, देवीचे ठाणे कुठे आहे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून सांगतो, पुढच्या खेपेला मुंबईला गेलात तर खोलीत बसून राहू नका. एक दिवस चालायला काढा.

आधी नावेच बघा. गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे, कांदेवाडी आहे. मुगभाट आणि बोरभाट आहे. भाट म्हणजे बाग, मळा. पलीकडे ताडदेव. चिंचपोकळीत चिंच आहे. उमरखाडीत उंबर आहे. वडाळ्याला वड आहे. परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून पडले, असे जुने लोक सांगतात. झाडे गेली, शेते गेली, नावे तेवढी राहिली. आणि गामदेवी म्हणजे कोण? ग्रामदेवी. आपल्या वेशीवरची असते तीच.

आता डोंगरावर चढू. त्याला मलबार हिल म्हणतात. उंची सुमारे पन्नास मीटर, म्हणजे दीडशे फुटांवर थोडी जास्त. सह्याद्रीत राहणाऱ्याला हसू येईल, पण मुंबई बेटावर तेवढाच मोठा. गिरगाव चौपाटीकडून वर जायला एक जुनी वाट आहे. तिला सिरी रोड म्हणतात. सिरी म्हणजे शिडी. या बाजूला झाडी अजून दाट आहे. २०२५ साली महापालिकेने या झाडीतून खांबांवर एक लाकडी वाट बांधली. ती सुमारे अर्धा किलोमीटर आहे. तिच्यावरून चालताना झाडांचे शेंडे आपल्या डोळ्यांसमोर येतात.

इथला दगड हातात घेऊन बघा. काळा, जड. तुमच्या बांधावरचा असतो तोच. हा दगड एकेकाळी पातळ रस होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतून तापलेला रस आला, पसरला आणि थंड झाला. मग पुन्हा आला. असे थरावर थर बसले. आपल्या घाटाचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात, ते याच थरांमुळे. पण दोन थरांच्या मध्ये पुष्कळ काळ जाई. तेवढ्या वेळात खळग्यांत पाणी साचे, गवत उगवे, बेडूक ओरडत. मग गाळात सगळे दबून जाई आणि वरून पुन्हा रस येई. हे आम्ही मनाचे सांगत नाही. मुंबईतच वरळीला दगडाच्या थरात बेडकांचे सांगाडे सापडले. लहानखुरे बेडूक. १८४७ साली ओवेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांची माहिती छापली. माणूस नव्हता, गाय नव्हती, तेव्हा वरळीला बेडूक होते!

डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, समुद्राजवळ, बाणगंगा आहे. मोठे तळे, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचे पाणी गोडे आहे, कारण खाली झरा आहे. रामाला तहान लागली, बाण मारला आणि पाणी निघाले, अशी कथा सांगतात. शेजारी वाळकेश्वराचे देऊळ आहे. वाळकेश्वर म्हणजे वाळूचा ईश्वर. जुने देऊळ पोर्तुगीजांनी पाडले. पुढे १७१५ साली रामा कामत नावाच्या व्यापाऱ्याने ते पुन्हा बांधले.

अशी तळी मुंबईत पुष्कळ होती. गवालिया टँक हे नाव ऐकले आहे ना? १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी "चले जाव" म्हटले, ते मैदान. तिथे गुरांना पाणी पाजायचे, धुवायचे तळे होते. धोबीतलावही तसाच. पुढे विहारचे पाणी १८६० साली नळाने आले आणि तळी एकेक करून बुजवली. नळाचे पाणी साठवायला मात्र पुन्हा डोंगरच लागला. मलबार हिलवर आणि माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर मोठाले हौद बांधले. पाणी उंचावर ठेवले की उताराने आपोआप घराघरात जाते. आपल्या गावची टाकी टेकाडावर बांधतात, त्याचे कारणही हेच. या दोन्ही हौदांच्या वर बागा आहेत. लोक बागेत शेंगदाणे खातात आणि पायाखाली पाणी असते, हे त्यांच्या गावीही नसते.

आता लालबाग-परळच्या लोकांच्या अगदी घराशी येणारी गोष्ट. मुंबई हे आधी एक बेट नव्हते. सात होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मध्ये खाड्या आणि खाजणे. भरती आली की समुद्र आत घुसे, ओहोटी लागली की चिखल उरे. चिखल तुडवीत माणूस पलीकडे येई आणि पाय धुई. ती जागा पायधुणी. आजही तेच नाव आहे.

सगळ्यांत मोठे खिंडार महालक्ष्मीजवळ होते, मुंबई आणि वरळी यांच्या मध्ये. तिथून समुद्र आत येई. हॉर्नबी नावाच्या गव्हर्नराच्या वेळी, १७८४ च्या सुमारास, तिथे दगडी बांध घातला गेला. बांध पुन्हा पुन्हा ढासळे. मग रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्न पडले, समुद्रात देवीची मूर्ती सापडली, देऊळ बांधले आणि बांध टिकला, अशी कथा आहे. कथा कोणी मानो न मानो. बांध टिकला हे खरे. आज त्याच बांधावरून लाला लजपतराय मार्ग जातो. बांधामुळे आतली खोलगट जमीन उघडी पडली. मग ती भरायची कशाने? माती आणि दगड पाहिजे. जवळचे काय? टेकड्या. त्या फोडल्या, खाड्या बुजवल्या. भरलेल्या जमिनीवर पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, आपली माणसे राहायला गेली. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक बंद पडल्या. चाळी जाऊन टॉवर आले. जमीन मात्र तीच खोलगट.

पावसाळ्यात दादर-परळच्या हिंदमाताजवळ गुडघाभर पाणी साचले, असे आपण दर वर्षी ऐकतो. लोक म्हणतात, गटारे तुंबली. गटारे तुंबतात हे खोटे नाही. पण मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर पाण्याला समुद्रात जायला वाट उरत नाही. ते सखल जागी थांबते. टेकडी गेली, खाजणही गेले. पाणी झेलायचे ते खाजणच. महापालिकेने आता जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत, पंप बसवले आहेत. त्याला किती पैसा लागतो! तुमच्या गावात कोणी खडीसाठी टेकडी मागायला आला किंवा ओढा बुजवून प्लॉट पाडायला निघाला, तर ग्रामसभेत हात वर करायच्या आधी हिंदमाता एकदा आठवा.

परळला गेलात तर बारादेवीचे मंदिर विचारा. १९३१ साली परळहून शिवडीकडे रस्ता करताना जमिनीत एक शिळा लागली. उंच, माणसाच्या जवळजवळ दुप्पट. एकाच दगडात शंकराची सात रूपे कोरलेली. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, झाडाला फांद्या फुटाव्यात तशी. ही शिळा सुमारे दीड हजार वर्षांची आहे. ज्या काळात कारागीर घारापुरीला डोंगर कोरीत होते, त्याच सुमाराची. शिळा आता बारादेवीलाच आहे. म्हणजे परळ हे गिरण्यांचे गाव व्हायच्या कितीतरी आधी तिथे कसबी पाथरवट होता. आम्हाला विचाराल तर मुंबईतल्या कोणत्याही टॉवरपेक्षा ही शिळा आधी बघावी.

शेवटी शिवडी. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनापासून किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टेकडीवरचा लहानसा किल्ला, इंग्रजांनी १६८० साली बांधलेला. बंदरावर नजर ठेवायला. पण १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान इथेच उतरला. त्याने शिवडी घेतली, माझगाव घेतले आणि इंग्रजांना वर्षभर कोटात कोंडले. शेवटी इंग्रजांनी औरंगजेबाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा सुटले.

किल्ल्याखाली खाडीचा चिखल पसरलेला आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत इथे रोहित पक्षी येतात. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात. पाय काठीसारखे, मान लांब, चोच खाली वळलेली, पंखांत गुलाबी रंग. पुष्कळसे कच्छकडून येतात. चोच उलटी करून चिखल-पाणी गाळतात आणि बारीक शेवाळ नि किडे खातात. त्या खाण्यातूनच अंगाला गुलाबी रंग चढतो. २०२४ साली शिवडीपासून समुद्रावरचा लांब पूल सुरू झाला. आता पुष्कळसे पक्षी ठाण्याच्या खाडीकडे दिसतात. पण शिवडीला अजून येतात.

बघायला जाताना भरतीची वेळ विचारून जा. घाटावरच्या माणसाला याची सवय नसते, म्हणून सांगतो. भरती म्हणजे समुद्राचे पाणी चढणे, ओहोटी म्हणजे उतरणे. दिवसात दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे जाते. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात, नुसते ठिपके. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी जाऊन बसावे. चिखलात उतरू नये, माणूस कमरेपर्यंत रुततो. भाकरी बांधून न्यावी, पोरांना बरोबर घ्यावे, आणि पाणी येईपर्यंत काठावर गप्प बसावे.